किलोभर उपग्रहाचे दोन मास्तर

अंतराळयुगाचा इतिहास बहुधा थोरामोठ्यांचा म्हणून लिहिला जातो. स्पुटनिक, गागारिन, चंद्रावर उतरलेले आर्मस्ट्राँग, नंतर अवकाशस्थानके आणि अलीकडे कोट्यधीशांचे खासगी अग्निबाण अशी ती मालिका असते. या मालिकेत शिकवणाऱ्या माणसाला जागा क्वचितच मिळते. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत खासगी अवकाश-व्यवसायाचे जे रूप पालटले, त्याच्या मुळाशी दोन अमेरिकन विद्यापीठांतले दोन प्राध्यापक आहेत, आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेली एक साधीसुधी अडचण आहे. अडचण अशी की, विद्यार्थी पास होऊन जातो आणि उपग्रह अर्धवट राहतो.

या दोघांची नावे बॉब ट्विग्ज आणि जोर्दी पुइग-सुआरी. त्यांनी १९९९ साली ठरवलेले एक माप आज जगभर चालते. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच असा ठोकळा, आणि वजन तेव्हा फार तर किलोभर. वाण्याकडून साखरेची पुडी आणावी तितक्या वजनाच्या या उपग्रहाला ‘क्यूबसॅट’ असे नाव मिळाले. तेव्हापासून आजवर असे दोन हजारांहून अधिक ठोकळे, किंवा असेच ठोकळे जोडून केलेले उपग्रह, आकाशात पाठवले गेले. त्यांतले पुष्कळ व्यापारी कंपन्यांचे आहेत. परंतु हे माप व्यापारासाठी ठरवलेले नव्हते. ते वर्गातून आले, आणि ते का आले हे समजून घेतल्याखेरीज या इतिहासाचा अर्थ लागत नाही.

अर्धवट राहणारे उपग्रह

ट्विग्ज हे मूळचे विद्युत अभियंते. आयडाहो विद्यापीठात आणि नंतर स्टॅनफर्डला त्यांचे शिक्षण झाले. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावी वेबर स्टेट नावाचे महाविद्यालय होते. मोठ्या संशोधनासाठी ते प्रसिद्ध नव्हते. आसपासच्या मुलामुलींना शिकवून कामाला लावणे हे त्याचे मुख्य काम. पण १९८५ च्या एप्रिलमध्ये ‘नूसॅट’ नावाचा सुमारे ५२ किलोंचा उपग्रह चॅलेंजर यानातून अवकाशात सोडला गेला, तो याच महाविद्यालयाच्या पुढाकाराने बांधलेला होता. ट्विग्ज या महाविद्यालयात शिकवू लागले आणि तिथल्या अवकाश-तंत्रज्ञान केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. जानेवारी १९९० मध्ये ‘वेबरसॅट’ हा त्याहून लहान उपग्रह युरोपच्या एरियान अग्निबाणावरून गेला. तो नेणारा अग्निबाण मुळात फ्रान्सच्या ‘स्पॉट-२’ या मोठ्या उपग्रहासाठी होता. रिकाम्या राहिलेल्या जागेत विद्यार्थ्यांच्या आणि हौशी रेडिओवाल्यांच्या वस्तूंची सोय झाली होती. मोठ्याच्या पालखीबरोबर लहानांनी चालावे, तसा हा प्रकार.

१९९४ मध्ये ट्विग्ज स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांकडून ‘सफायर’ नावाचा उपग्रह बांधायला घेतला. त्यात अवरक्त किरण टिपणारे संवेदक होते, एक कॅमेरा होता, आणि अक्षरांचा उच्चार करून रेडिओवर बोलणारे एक यंत्रही होते. ‘सफायर’ १९९८ च्या सुमारास तयार झाला. उड्डाण मात्र मिळाले ते ३० सप्टेंबर २००१ रोजी, अलास्कातल्या कोडियाक बेटावरून. ज्यांनी पहिली मंडले जोडली, ती मुले तोवर पदवी घेऊन केव्हाच नोकरीला लागली होती.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा मोठा आहे. उपग्रहबांधणीत सर्वांत मोलाचे शिक्षण शेवटच्या टप्प्यात मिळते. टेबलावर चालणारे यंत्र थरथराटाच्या चाचणीत बंद का पडले, निर्वात पेटीत विद्युत-घट का फुगला, अवकाशात गेल्यावर संकेत क्षीण का झाला, हे प्रश्न ज्याने यंत्र जोडले त्यालाच पडायला हवेत. बांधणारा एक आणि चूक भोगणारा दुसरा, असे झाले की चुकीतून कोणीच शिकत नाही. आराखडा, बांधणी, चाचणी आणि उड्डाण हे सारे एका विद्यार्थ्याच्या दोनचार वर्षांत बसले पाहिजे, असा आग्रह ट्विग्ज यांनी धरला. वेळ वाढवता येत नव्हता. तेव्हा उपग्रहच लहान करणे भाग होते.

त्याच सुमारास स्टॅनफर्डचे विद्यार्थी ‘ओपल’ नावाचा आणखी एक उपग्रह बांधत होते. त्याच्या पोटात पत्त्यांच्या जोडाएवढे चिमुकले उपग्रह ठेवायचे आणि कक्षेत गेल्यावर ते एकेक करून बाहेर सोडायचे, अशी कल्पना. जानेवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हँडनबर्ग तळावरून मिनोटॉर अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात ‘ओपल’ गेला आणि त्याच्या पोटातून सहा पिल्ले बाहेर पडली. त्यांतली तीन सँटा क्लॅरा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या गटाने तयार केलेली होती. युक्ती चालली. पण पत्त्यांच्या जोडाएवढ्या उपग्रहावर पुरेसे सौरघट बसत नाहीत, त्यामुळे वीज कमी पडते. आत काही उपयोगाचे ठेवायलाही जागा नसते. म्हणजे याहून थोडे मोठे, पण ‘सफायर’हून पुष्कळ लहान, असे काहीतरी हवे होते.

हवाई बेटावर १९९८ मध्ये झालेल्या एका बैठकीत ट्विग्ज यांनी जपानी आणि अमेरिकन प्राध्यापकांपुढे शीतपेयाचा डबा धरला, आणि एवढ्या आकारात विद्यार्थ्यांनी उपग्रह करून दाखवावा असे सुचवले. त्यातून ‘कॅनसॅट’चा उपक्रम निघाला. १९९९ पासून नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात हौशी अग्निबाणवाल्यांच्या मदतीने हे डबे सुमारे बारा हजार फूट उंच नेले जाऊ लागले, आणि हवाई छत्रीने खाली येता येता विद्यार्थ्यांच्या यंत्रांची परीक्षा होऊ लागली. अवकाशात न जाताही अवकाशाचा सराव करण्याची ही रीत जपानमध्ये चांगलीच रुजली.

दुकानातला डबा आणि स्प्रिंगची पेटी

क्यूबसॅटच्या मापाचा उगम असा सांगितला जातो : ट्विग्ज एका प्लॅस्टिकच्या दुकानात गेले असता त्यांना चार इंची चौकोनी पारदर्शक डबा दिसला. ‘बीनी बेबी’ नावाच्या कापडी बाहुल्या जमवण्याचे वेड त्या काळी अमेरिकेत होते, आणि त्या बाहुल्या मांडून ठेवण्यासाठी हे डबे विकत. त्याच्या बाजूंवर सौरघट किती बसतील याचा त्यांनी अंदाज घेतला, आणि चार इंचांचे दहा सेंटिमीटर झाले. त्यामागे कोणताही गहन सिद्धान्त नव्हता. मात्र लहान आकाराचा एक गुण त्यांना शिकवण्याच्या अनुभवातून ठाऊक होता. विद्यार्थ्याला मोकळी जागा दिली की तो तिथे आणखी एक यंत्र भरतो. यंत्र वाढले की काम वाढते, आणि काम वाढले की वर्ष जाते. डब्याला जागाच नसेल तर हा मोह आपोआप आवरतो.

पण डबा लहान केला म्हणून अग्निबाणवाला तो घेईलच असे नाही. अग्निबाणावर मुख्य उपग्रह कोट्यवधी डॉलरचा असतो. त्याच्या शेजारी विद्यार्थ्यांनी जोडलेला डबा ठेवायचा, त्याचा एखादा स्क्रू सुटायचा, किंवा त्याचा रेडिओ भलत्याच वेळी चालू व्हायचा, ही भीती खरी होती. इथे पुइग-सुआरींचे काम सुरू होते.

पुइग-सुआरी मूळचे स्पेनमधले. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी विमान आणि अवकाश अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली, काही वर्षे ॲरिझोनात शिकवले, आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुई ओबिस्पो गावी कॅल पॉली विद्यापीठात आले. करता करता शिकावे, हे या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य. तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी ‘पी-पॉड’ नावाची पेटी तयार केली. ही ॲल्युमिनियमची लांबट पेटी. तिच्यात तीन क्यूबसॅट एकामागे एक बसतात. प्रत्येक क्यूबसॅटच्या चार कडा गुळगुळीत रुळांसारख्या असतात. मागे स्प्रिंग, पुढे झाकण. कक्षेत गेल्यावर झाकण उघडते, स्प्रिंग रेटा देते, आणि फराळाच्या उभ्या डब्यातून लाडू सरकावेत तसे तिन्ही ठोकळे बाहेर पडतात.

या पेटीची खरी करामत तिच्या भिंतींत आहे. आतल्या उपग्रहाचे काहीही तुटले तरी ते पेटीतच राहते. आत असेपर्यंत दाबलेल्या बटनामुळे उपग्रहाची वीज बंद असते. बाहेर पडल्यावर बटन सुटते, काही वेळ थांबून मगच आकाशक उघडतो आणि रेडिओ बोलू लागतो. म्हणजे अग्निबाणवाल्याने विद्यार्थ्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरली नाही. त्याने पेटीवर विश्वास ठेवला की झाले. पेटी एकदा तपासून मान्य झाली की तिच्यात टोकियोचा ठोकळा बसो की डेन्मार्कचा, अग्निबाणवाल्याच्या दृष्टीने फरक नसतो. मालाच्या जहाजांवर एकाच मापाचे कंटेनर आल्यावर जगाचा व्यापार जसा सोपा झाला, तसेच हे होते. दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लवकर पटावे. बाजारात वजन-माप एक असले म्हणजे विकणाऱ्याची भाषा कोणती आणि घेणाऱ्याची कोणती, यावाचून व्यवहार अडत नाही.

या ठोकळ्यांच्या आतले सामानही तसेच, हाताशी असणारे. अनेक गटांनी आकाशक म्हणून सुताराच्या पोलादी मोजपट्टीचा तुकडा वापरला. तो गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायचा. अवकाशात गेल्यावर छोटी तार तापवून दोरा वितळवायचा, की पट्टी आपल्याच ताणाने सरळ होते. संकेत हौशी रेडिओच्या लहरींवर सोडायचा, म्हणजे जगात कुठेही बसलेला हौशी रेडिओवाला तो ऐकून कळवू शकतो. जाणकारांपैकी अनेकांनी या प्रकाराला खेळणे म्हणून हसण्यावारी नेले.

पहिले उड्डाण आणि पहिला घात

३० जून २००३ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून ‘रोकोट’ अग्निबाण उडाला आणि पहिले क्यूबसॅट कक्षेत गेले. टोकियोतल्या दोन विद्यापीठांचे दोन, डेन्मार्कचे दोन, कॅनडातल्या टोरांटोचा एक, आणि तीन ठोकळ्यांच्या लांबीचा स्टॅनफर्डचा ‘क्वेकसॅट’. सगळेच यशस्वी झाले नाहीत. टोरांटोचा उपग्रह कधी बोललाच नाही. डेन्मार्कच्या दोघांपैकी एकही फारसा चालला नाही. उलट टोकियो विद्यापीठाच्या ‘एक्सआय-फोर’ या किलोभर ठोकळ्याचे संकेत पंधरा वर्षांहून अधिक काळ येत राहिले. बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून विद्यार्थ्यांनी बांधलेल्या यंत्राबद्दल असे भाकीत कोणी केले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

मोठा घात झाला तो २६ जुलै २००६ रोजी. बैकानूरहून निघालेल्या ‘द्नेपर’ अग्निबाणावर एकदम १४ क्यूबसॅट होते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे, शिवाय जपान, दक्षिण कोरिया, नॉर्वे अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षांची मेहनत त्यात होती. उड्डाणानंतर दीड मिनिटही झाले नसेल तोच अग्निबाण भरकटला आणि सारे कोसळले. कॅल पॉलीचे स्वतःचे पहिले दोन उपग्रहही त्यातच गेले.

एखाद्या पारंपरिक उपग्रहाच्या बाबतीत इथेच कथा संपली असती. दहा वर्षांचे काम आणि सारा निधी गेल्यावर पुन्हा कोण उभा राहतो? इथे तसे झाले नाही. पुढच्याच वर्षी, १७ एप्रिल २००७ रोजी, दुसऱ्या द्नेपरवरून कॅल पॉलीचे ‘सीपी-३’ आणि ‘सीपी-४’ कक्षेत गेले. त्याच उड्डाणात बोइंग कंपनीचा चाचणीसाठी केलेला क्यूबसॅट होता, आणि कोलंबिया देशाचा पहिलावहिला उपग्रहही होता. तोही क्यूबसॅटच. जपानच्या निहोन विद्यापीठाचा ‘सीड्स’ २००६ च्या अपघातात गेला होता. विद्यार्थ्यांनी त्याचा जुळा भाऊ तयार केला, आणि २८ एप्रिल २००८ रोजी ‘सीड्स-२’ अवकाशात गेला. कुठून? आपल्या श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी९ वरून. बैकानूरला बुडालेली जपानी मुलांची मेहनत बंगालच्या उपसागराच्या काठावरून पुन्हा वर गेली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. त्या दिवशी एकूण दहा उपग्रह एकदम सोडल्याची बातमी झाली, आणि त्या दहांतले बरेचसे परदेशी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेले होते हे बातमीच्या तळाशी राहिले.

अशीच कथा ट्विग्ज यांच्या पुढच्या मुक्कामाची. २००९ मध्ये ते केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात मोरहेड स्टेट विद्यापीठात गेले. हा भाग कोळशाच्या खाणींचा म्हणून ओळखला जातो. अवकाश-उद्योगाचे नाव तिथे कोणी घेत नसे. केंटकीच्या विद्यार्थ्यांचा ‘काइसॅट-१’ मार्च २०११ मध्ये नासाच्या ‘ग्लोरी’ उपग्रहाबरोबर निघाला, आणि अग्निबाणाचे नाकाडाचे कवच न सुटल्याने ग्लोरीसह समुद्रात पडला. ‘काइसॅट-२’ नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला. त्याच अग्निबाणावर व्हर्जिनियातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुलांनी बांधलेला उपग्रहही होता. विद्यापीठाचा विद्यार्थीच उपग्रह करू शकतो का, या प्रश्नापासून निघालेली वाट पंधरा वर्षांच्या आत शाळेच्या दारापर्यंत आली होती.

वर्गातून बाजारात

या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे व्यापाराचा भाग उलगडतो. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठाचा २००३ चा उपग्रह अल्पायुषी ठरला. पण तो बांधलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्तुळातून २००७ मध्ये ‘गॉमस्पेस’ ही कंपनी निघाली, आणि जगभर क्यूबसॅटचे सुटे भाग विकू लागली. टोकियो विद्यापीठात क्यूबसॅटवर हात बसवलेल्या तरुणांनी २००८ मध्ये ‘ॲक्सेलस्पेस’ काढली. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या मुलांनी आपला ‘डेल्फी-सी३’ बांधता बांधताच २००६ मध्ये ‘आयसिस’ नावाची कंपनी सुरू केली. तो उपग्रहही २००८ मध्ये श्रीहरिकोट्याहूनच गेला. स्वतः पुइग-सुआरींनी २०११ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर ‘टायव्हॅक’ ही कंपनी स्थापन केली. तिने बांधलेला ‘कॅपस्टोन’ हा पंचवीस किलोंचा उपग्रह २०२२ मध्ये चंद्राभोवतीच्या कक्षेत पोचला. त्याआधी २०१८ मध्ये ‘मार्को’ नावाचे दोन क्यूबसॅट ‘इनसाइट’ यानाच्या सोबतीने मंगळापर्यंत गेले, आणि ते यान उतरत असताना त्याचे संदेश त्यांनी पृथ्वीवर पोचवले. सहा ठोकळे जोडून केलेले ते उपग्रह नासाचे होते. माप मात्र या मास्तरांचेच.

सर्वांत मोठा व्यापारी वापर केला तो ‘प्लॅनेट’ या कंपनीने. २०१० मध्ये नासात काम केलेल्या तिघांनी ती सुरू केली. तीन ठोकळ्यांच्या लांबीचा, ‘डव्ह’ म्हणजे कबुतर नावाचा कॅमेरा-उपग्रह त्यांनी शेकड्यांनी बनवला. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी त्यांची २६ कबुतरे एका अग्निबाणाच्या स्फोटात जळाली, आणि कंपनी बुडाली नाही. ती शिकवण २००६ च्या विद्यार्थ्यांना आधीच मिळाली होती. एक उपग्रह मौल्यवान असण्यापेक्षा पुन्हा बांधता येण्याजोगा असणे अधिक हिताचे, हा धडा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून व्यापाराने उचलला. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्या पीएसएलव्ही-सी३७ ने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, तेव्हा त्यांत ८८ कबुतरे होती. एकशे एक छोट्या उपग्रहांच्या पेट्या पुरवण्याचे आणि बसवण्याचे काम डेल्फ्टच्या त्याच पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या कंपनीकडे होते. त्या गर्दीत इस्रायल, कझाकस्तान आणि अमिरातीतल्या विद्यार्थ्यांचे ठोकळेही होते.

आपल्याकडचा हिशेब

हे सारे वाचताना आपल्याकडचा विचार येतोच. २००७ च्या सप्टेंबरात हैदराबादला आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषद भरली होती. तिथे भेटलेल्या काही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या मनात आपणही उपग्रह करावा असे आले. त्यातून कर्नाटक आणि तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशातली सात महाविद्यालये एकत्र आली, आणि बंगळूरच्या एका महाविद्यालयाने समन्वय केला. त्यांचा ‘स्टडसॅट’ हा किलोहून थोडा हलका उपग्रह १२ जुलै २०१० रोजी पीएसएलव्ही-सी१५ वरून गेला, आणि त्याचा संकेत जमिनीवर ऐकू आला. दोन राज्ये, सात महाविद्यालये, आणि कल्पनेपासून उड्डाणापर्यंत तीन वर्षांहूनही कमी काळ. ट्विग्ज यांच्या मोजपट्टीला हा उपग्रह पुरेपूर उतरतो. ज्यांनी सुरुवात केली त्यांनाच तो वर जाताना पाहता आला.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ हाही क्यूबसॅटच. चुंबकाच्या साहाय्याने, वीज न खर्चता, उपग्रहाची दिशा स्थिर ठेवण्याचा प्रयोग त्यात होता. काम २००८ मध्ये सुरू झाले आणि उड्डाण २२ जून २०१६ रोजी झाले. मुंबईच्या आयआयटीचा दहा किलोंचा ‘प्रथम’ २००७ मध्ये सुरू झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला. दोन्ही उपग्रहांमागे विद्यार्थ्यांची चिकाटी निःसंशय मोठी आहे. एका तुकडीने दुसरीला, दुसरीने तिसरीला वही सोपवावी, आणि काम मरू देऊ नये, हे सोपे नाही. पण आठ-नऊ वर्षे म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या दोन पिढ्या. ज्या अडचणीतून क्यूबसॅटचा जन्म झाला, तीच अडचण क्यूबसॅट हाती घेऊनही पुन्हा समोर उभी राहिली. माप उसने आणता येते. त्या मापामागचे वेळेचे बंधन उसने येत नाही. ते प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या वेळापत्रकात स्वतः घालावे लागते.

‘स्वयम्’च्या उड्डाणाची आणखी एक बाजू आहे. पीएसएलव्ही-सी३४ वर त्या दिवशी २० उपग्रह होते, आणि त्यांत प्लॅनेट कंपनीची बारा कबुतरे होती. पुण्याच्या विद्यार्थ्यांचा किलोभर ठोकळा आणि अमेरिकन कंपनीचे बारा कॅमेरे एकाच मापाच्या कुळातले, एकाच अग्निबाणावर शेजारी शेजारी गेले. एकाने धंदा करायचा होता, दुसऱ्याने शिकायचे होते. मूळ आखणी शिकणाऱ्यासाठी झाली होती, आणि धंदेवाला तिच्यात मागाहून आला, हे त्या दिवशी बातम्यांत कोणी सांगितले नाही.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. शेकड्यांनी उपग्रह सोडले की अवकाशात कचरा वाढतो. खालच्या कक्षेतले क्यूबसॅट काही वर्षांत वातावरणात शिरून जळून जातात, उंचावरचे मात्र दीर्घकाळ फिरत राहतात; त्यांना स्वतःची गती आवरण्याचे साधन बहुधा नसते. म्हणूनच २०२२ मध्ये अमेरिकेने आपल्या उपग्रहांना काम संपल्यावर पाच वर्षांत खाली येण्याचा नियम केला. शिवाय व्यापाऱ्यांची गर्दी झाली की अग्निबाणावरच्या जागेचा दर तेच ठरवतात. पहिल्या काळात एका ठोकळ्याला सुमारे चाळीस हजार डॉलर पडत. तेवढीही रक्कम लहान गावातल्या महाविद्यालयाला जड आहे. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या गाडीत विद्यार्थ्यांनाच तिकीट परवडेनासे झाले, असे होऊ द्यायचे नसेल तर त्यांच्यासाठी काही जागा राखाव्या लागतात. नासाने २०११ पासून तशा जागा दिल्या. आपल्याकडे इस्रोने स्टडसॅट, स्वयम्, प्रथम यांना आपल्या अग्निबाणावर जागा दिली म्हणूनच ते वर गेले.

ट्विग्ज मात्र किलोभरावरही थांबले नाहीत. २००९ मध्ये त्यांनी पाच सेंटिमीटरच्या ‘पॉकेटक्यूब’ची कल्पना मांडली. पुढे शालेय मुलांसाठी पावाच्या कापासारख्या चपट्या ‘थिनसॅट’चा उपक्रम झाला, आणि एप्रिल २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून असे थिनसॅट गेले. ते इतक्या खालच्या कक्षेत सोडले होते की काही दिवसांतच जळून जावेत. कचरा नाही आणि मुलांचा प्रयोग एका शैक्षणिक वर्षात पुरा. प्रत्येक वेळी आकार कमी होत गेला तो मुलांचे वय कमी होत गेले म्हणून.

आपल्या देशात ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून ‘आझादीसॅट’साठी काम केले. ७ ऑगस्ट २०२२ रोजी तो नव्या छोट्या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात गेला, आणि कक्षा चुकल्याने वाया गेला. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, ‘आझादीसॅट-२’ कक्षेत पोचला. त्या मुली तेव्हा शाळेतच शिकत असाव्यात इतका हा अवधी थोडा आहे. दुसरा प्रयत्न विद्यार्थिदशेतच करता यावा, एवढ्यासाठी तर ते दहा सेंटिमीटरचे माप ठरले होते.